यादीतली आठवी लिंक

४ मार्च

ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, काळजी करू नकोस. कंपनी मोठी आहे. एका खोलीत आम्ही आठजण राहतो, जेवण वेळेवर मिळतं. काम तेच, शिकवण्याचं. फक्त आता वर्गात उभं राहायचं नाही, बसून लिहायचं. इथे फोन वापरायला परवानगी नाही, म्हणून महिन्यातून दोनदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पत्र. तुझा गुडघा कसा आहे? लॉन्ड्रीतलं उभ्याचं काम बदलून देणार होते, दिलं का? खटपट्याला आशीर्वाद सांग.

तुझा,
मास्तर

४ मार्च
(पाठकोऱ्या कागदावर. पाठवलं नाही.)

ताई,

आजचं पत्र मुकादमाने पास केलं. मुकादम म्हणजे आमच्या रांगेवरचा माणूस. त्याला आपली भाषा येत नाही. तो प्रत्येक पत्र मशीनमध्ये घालून भाषांतर वाचतो. पलीकडच्या रांगेतल्या एकाने हुशारी करून पत्रात एक म्हण घातली होती. मशीनला ती कळली नाही आणि मुकादमाने नेमकं तेवढ्याच वाक्यावर बोट ठेवलं. तो माणूस तीन दिवस अंगणात उन्हात उभा होता. चौथ्या दिवशी तिथे नव्हता, आणि रांगेतही नव्हता.

इथून बाहेर पडता येत नाही. आल्या दिवशीच पासपोर्ट काढून घेतला. चार मजले भरून माणसं पडद्यासमोर बसतात, कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांशी गोड बोलतात आणि त्यांना लुबाडतात. नाही म्हणणाऱ्याला काठी. मला काठी कमी बसली, कारण मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो हे त्यांना कळलं. त्यांना माणसं हवी असतात, तरुण, कॉम्प्युटर येणारी. ती आणायला मी एक यादी लिहितो. 'सायबर सुरक्षा फुकट कुठे शिकाल?' आठ लिंका. त्यातल्या सात खऱ्या आहेत, ताई, अगदी खऱ्या. मी स्वतः त्यांवर शिकलो. आठवी आमची. शिका, प्रमाणपत्र घ्या आणि थेट परदेशात नोकरीला लागा.

मुकादम म्हणत होता, आठही आपल्याच टाक. सात खऱ्या ठेवू, विश्वास बसतो, असं मीच सुचवलं. मार टळावा म्हणून सुचवलं. पण सुचवलं मीच.

१९ मार्च

मास्तर,

पत्र पोचलं. मी बोलतेय आणि खटपट्या टाइप करतोय, तेव्हा मध्येच कुठे शहाणपणा दिसला तर तो माझा समजू नकोस. (मामा, आई काहीही सांगते. मी शब्दन् शब्द लिहितो.)

उभ्याचं काम काही बदललं नाही. उलट चादरींच्या घड्या घालायच्या मशीनवर टाकलंय. अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते, आमचं दोघांचं जमलंय.

आता खरी बातमी. खटपट्या ज्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता ते बंद पडलं. दोन महिने घरात बसून त्याने माझी इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ आणि शेजारणीच्या दाराची बेल खोलून परत बसवली. दरवेळी एक स्क्रू उरतो आणि वस्तू चालते. मला तर भीती वाटायला लागली होती की आता हा मलाच खोलेल.

मग त्याला एक यादी सापडली. कॉम्प्युटरची सुरक्षा घरबसल्या फुकटात कुठे शिकता येते त्याची, आणि तीही आपल्या भाषेत. त्याने मोठ्याने वाचून दाखवली. 'पाया कच्चा ठेवून माळा चढवू नका.' 'चूक जरूर करा, पण रोज नवी करा. कालचीच आज करणारा गाढव.' अरे, हा तर तूच! तुझ्या क्लासबाहेरच्या बाकावर बसून हे मी शंभरदा ऐकलंय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. पण जो माझ्या भावासारखा शिकवतो तो माणूस सरळच असणार, असं मी खटपट्याला सांगितलं. तो कचरत होता. फुकट म्हटलं की त्याला शंका येते. मीच त्याला मागून ढकललं.

आता तो तिसऱ्या लिंकवर आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लिहितो आणि पडदा उत्तर देतो. सहाव्या लिंकवर म्हणे मुद्दाम कच्ची ठेवलेली कुलपं उघडायला देतात, कुणाचं नुकसान न करता हात बसावा म्हणून. आणि सगळ्यात शेवटी आठवी. तिथे नोकरीच देतात. तिकीटसुद्धा तेच काढणार. आणि मास्तर, ती तुझ्याच बाजूला आहे रे कुठेतरी! मामा-भाचे जवळ असलात तर मला रात्रीची झोप तरी लागेल. तू एक शब्द टाक त्याच्यासाठी.

ताई

२१ मार्च
(पाठकोऱ्या कागदावर. पाठवलं नाही.)

ताई,

येणारी पत्रंसुद्धा मुकादम वाचतो. तुझं वाचून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "वा! आता घरचेच येणार."

ती यादी लिहिताना मी दुसऱ्या कुणासारखं लिहायला हवं होतं. सुचलंच नाही. शिकवायला बसलो की मला दुसऱ्यासारखं बोलता येत नाही. चौदा वर्षं तेच बोलत आलो. तुला आवाज ओळखू आला आणि तू विश्वास ठेवलास, यात तुझं काय चुकलं?

खरं लिहिलं तर पत्र इथेच अडेल. नुसतं 'येऊ नको' लिहिलं तरी मुकादम विचारणार, का नको? एकच वाट दिसते. पोराला असं टोचायचं की तो कॉम्प्युटरचा नादच सोडेल. मुकादमाला सांगेन की आमच्याकडे पोराला डिवचलं की तो इरेला पेटतो, म्हणून लिहिलं. ताई, आता जे लिहिणार आहे त्याबद्दल मला माफ कर.

२१ मार्च

ताई,

पत्र मिळालं. स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. खटपट्याचं डोकं या कामाचं नाही. क्लासमध्ये मी त्याला मागे बसवायचो ते बाहेर बाकावर बसलेली तू त्याला दिसावीस म्हणून नव्हे, इतरांचा वेळ जाऊ नये म्हणून. ढ पोराला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. इस्त्री खोलणं वेगळं आणि हे वेगळं. तिसऱ्या लिंकवर आहे म्हणतेस, तर चौथीवर तोंडावर आपटेल. मी त्याच्यासाठी कुणाकडे शब्द टाकणार नाही, माझंच हसं होईल. त्याला स्क्रू पिळायचं दुसरं दुकान बघून दे.

मास्तर

२ एप्रिल

मास्तर,

हे पत्र खटपट्याकडून टाइप करून घेतलेलं नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीतली क्लार्क मुलगी जेवणाच्या सुट्टीत लिहून देतेय. परक्या पोरीसमोर घरची धुणी धुवायला लाज वाटते, पण इलाज नाही.

तुझं पत्र त्यानेच उघडलं आणि त्यानेच मला वाचून दाखवलं. मला कुठे उघडता येतं? तुला हे माहीत नव्हतं? मध्येच मी त्याला थांबवलं. मी म्हटलं राहू दे. नाही थांबला. 'मास्तर'पर्यंत वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि जिन्यात जाऊन बसला.

त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याने बाप म्हणून कुणाकडे बघितलं ते तुला सांगायला नको. परदेशात जाऊन तुला शिंगं फुटली की काय? ढ होता तर तुझ्या क्लासमधले बंद पडलेले सगळे कॉम्प्युटर कोण चालू करून द्यायचं?

एक मात्र झालं. त्या दिवसापासून तो दिवसाचे बारा-बारा तास बसतोय. चौथी लिंक संपली, पाचवी संपत आली. म्हणतो, "आई, मामाला दाखवतोच." तेवढ्यापुरते तुझे आभार. बाकी आपलं बोलणं संपलं.

ताई

७ एप्रिल
(पाठकोऱ्या कागदावर. पाठवलं नाही.)

ताई,

तुला पत्र उघडता येत नाही, ते पोरगंच वाचून दाखवतं. हे मी विसरलो. चौदा वर्षं लोकांना कॉम्प्युटर शिकवला आणि सख्ख्या बहिणीला बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं नाही.

मुकादमाला जे खोटं कारण सांगायला तयार ठेवलं होतं, तेच खरं निघालं. तुझं पत्र वाचून तो पोट धरून हसला. म्हणाला, तुमच्याकडची पद्धत चांगली आहे, बाकीच्या पोरांनाही असंच डिवचत जा.

(१५ आणि ३० एप्रिलला मास्तरने दोन पत्रं पाठवली. 'माझं चुकलं, पण सहा महिने थांबा, घाई करू नका', एवढंच दोन्हीत होतं. मुकादमाने तेही डिवचणंच समजून जाऊ दिलं. उत्तर आलं नाही.)

३ मे

मामा,

आईला सांगितलेलं नाही की तुला लिहितोय. तुझी मागची दोन पत्रं मी उघडली, तिला वाचून दाखवली नाहीत. आधी नाही म्हणायचं, मग थांब म्हणायचं, हे कशासाठी ते मला कळलंय. मी तिथे येऊन तुझ्या बरोबरीला उभा राहणं तुला नको आहे.

सातही लिंका पूर्ण केल्या. सहावीवरची एकवीस कुलपं उघडली, त्यातली शेवटची दोन कुणाची मदत न घेता. आठवीवर परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झालो. माझी मुलाखत घेणारी बाई म्हणाली, असा मुलगा बऱ्याच दिवसांत बघितला नाही.

११ तारखेला सकाळचं विमान आहे. ऑफिसचा पत्ता उतरल्यावर सांगणार आहेत. तुझी कंपनी त्याच भागात असेल तर एखाद्या सुट्टीला भेटू. तोपर्यंत माझा राग गेलेला असेल. खरं सांगायचं तर आत्ताच निम्मा गेलाय.

खटपट्या

११ मे
(यादीच्या पानावर, आठव्या लिंकच्या जागी.)

थांबा. ही यादी मी लिहिली आहे. पहिल्या सात लिंका चांगल्या आहेत, तिथे मनापासून शिका. आठवीकडे जाऊ नका. ती नोकरी नाही, कोंडवाडा आहे. मी त्यातूनच लिहितोय. इथे पासपोर्ट काढून घेतात, मारतात आणि लोकांना फसवायला बसवतात. जी कंपनी स्वतःहून तिकीट काढते आणि पत्ता उतरल्यावर सांगू म्हणते, तिच्या विमानात पाय ठेवू नका. माझ्या यादीवरून एकतीस जण आले. त्यांतल्या सत्तावीस जणांची तोंडं मी रोज बघतो. उरलेल्या चौघांचं मला विचारू नका, मला माहीत नाही.

खटपट्या, तुझं पत्र माझ्या हातात आज पडलं. इथे पत्रं पंधरा दिवसांनी वाटतात. तू अजून घरी असशील तर दाराला आतून कडी लाव आणि बाहेर पडू नकोस. तू ढ नाहीस रे. तू मागे बसायचास कारण मी सांगायच्या आधी तुझं करून झालेलं असायचं आणि मग तू पुढच्यांना छळायचास. मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. तुला घरी ठेवायला मला दुसरं काही सुचलं नाही.

ताई, तू विश्वास ठेवलास त्यात तुझी चूक नाही.

या पानाचा पासवर्ड मी बदलला आहे. त्यांना हे काढायला एक-दोन दिवस लागतील. मुकादम जेवायला गेलाय, आता येईल.

मास्तर

१५ मे
(वहीच्या पानावर. पाठवायला पत्ता नाही.)

मास्तर,

विमान सकाळी पावणेसातला उडालं. काचेपलीकडून त्याने हात केला आणि मी वेड्यासारखी हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी क्लार्क मुलीला म्हटलं, पोरगं जिथे गेलंय ते मला एकदा दाखव ना. ती यादी तरी बघू दे. कौतुक म्हणून. तिने पान उघडलं आणि वाचत वाचत आठव्या लिंकपर्यंत आली. मग म्हणाली, "काकू, आधी बसा."

त्याचा फोन बंद आहे. पोलिसांत गेले. मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेलाय, काम लागलंय, आठवडाभर वाट बघा म्हणाले. मी तुझं पान छापून नेलं होतं. ते म्हणाले, हे कुणीही लिहू शकतं. मी म्हटलं, कुणीही नाही, माझ्या भावाने लिहिलंय. ते म्हणाले, मग भावाला इथे येऊन सांगायला सांगा.

काल यादी पुन्हा जशीच्या तशी आली. आठवीसकट.

तुझ्यावर रागवावं तर तू आता कुठे आहेस तेही मला माहीत नाही. तू यादी लिहिलीस, मी त्याला ढकललं. कुणाचा किती दोष हे मोजायला बसले की चादरी मशीनमध्ये अडकतात आणि पलीकडची बाई ओरडते. मी तुला 'बोलणं संपलं' म्हटलं होतं. ते परत घेते. ऐकू येत असेल तर ऐक, ते परत घेते.

२ जून

आई,

मी पोचलो, ठीक आहे. पत्राला उशीर झाला कारण आधी पंधरा दिवस प्रशिक्षण होतं. कंपनी मोठी आहे, साहेब चांगले आहेत. फोन वापरायला परवानगी नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

मामाची चौकशी केली. त्या नावाचं इथे कुणी नाही म्हणाले.

मला लिहिण्याचं काम मिळालंय, आपल्या भाषेत. आधी जो माणूस हे काम करायचा तो गेला, त्याचीच खुर्ची मला दिली आहे. टेबलाच्या खणात पाठकोरे कागद बरेच आहेत. कच्चं लिहायला उपयोगी पडतात. सगळे नीट बघून ठेवले आहेत.

हाताला थोडं लागलंय, म्हणून पत्र छोटं. काळजी करू नकोस.

तुझा,
खटपट्या

९ जून
(वहीच्या पानावर.)

मास्तर,

त्याने लिहिलंय की तो माणूस गेला. गेला म्हणजे कुठे, हे मी क्लार्क मुलीला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. 

पाठकोऱ्यावर लिहायची खोड तुझीच, तेव्हा तुझे कागद त्याला सापडले, एवढं मला कळलं. म्हणजे तू त्याला ढ म्हणालास ते खोटं होतं, हे आता त्याला माहीत आहे. ऐकतोस ना? त्याला माहीत आहे.

मुलगी म्हणते, प्रत्येक पत्राच्या पोटात ते कुठून निघालं आणि कुठल्या वाटेने आलं हे लिहिलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण वाचायला शिकता येतं. एका पत्रावरून पुरतं कळत नाही. ते लपवतात, खोटे पत्ते घालतात. पण दहा पत्रं, वीस पत्रं आली तर कुठेतरी चुकतातच. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पोलिसांकडे हे करायला माणूस नाही म्हणे. मग मी करते. तुझ्या त्या सात लिंका तिने मला मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून दिल्या आहेत. मी पहिलीवर आहे. माऊस हातातून सटकतो, डोळ्यांना पाणी येतं, पण पाया कच्चा ठेवायचा नाही, हे मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

९ जून

खटपट्या,

तुझं पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. साहेब चांगले आहेत हे वाचून बरं वाटलं. ते सांगतील तसंच वाग, उलट उत्तर देऊ नकोस. मामाची काळजी करू नकोस, तो असाच, कुठेतरी रमला असेल. हाताला हळद-बिळद काही मिळत नसेल तर नुसतं स्वच्छ धुऊन कोरडा ठेव.

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. पावणेदोन तास लागले. तू बघायला हवा होतास, हसून लोळला असतास. तुझ्यामागे घर खायला उठतं, म्हणून वेळ घालवायला थोडं थोडं शिकते. म्हातारपणीचे नाद, दुसरं काय.

एक मागणं आहे आणि साहेबांनाही माझ्याकडून विनंती कर. आईला करमत नाही, तेव्हा पत्र वरचेवर पाठवू द्या म्हणावं. मोठं नको. दोन ओळी चालतील. हात दुखत असेल, लिहायला काही नसेल, तर कोरं पाठव. पण पाठव.

तुझी,
आई